वरच्या काकांचा गळा

गेल्या मार्चमध्ये नवऱ्याने ग्लासगोहून फोन केला. मी "हॅलो" म्हटलं, तर तो म्हणाला, "काका, जरा तिला फोन द्या ना." मी म्हटलं, अरे मीच आहे. मग तो हसला, मीही हसले, आणि माझं हसणं ऐकून तो हसायचा थांबला. "सर्दी झालीये का तुला?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. मला सर्दी नव्हती.

हे सगळं मी लिहून काढतेय, कारण लिहायला आवाज लागत नाही.

मी मूळची नागपूरची. नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. नवऱ्याची नोकरी ग्लासगोला, त्यामुळे तो सोमवार ते शुक्रवार तिकडे आणि शनिवार-रविवार आमचा. मुलगी नऊ वर्षांची, इथेच जन्मलेली. तिच्या मराठीत खुर्ची कधी तो असते, कधी ती, कधी ते. मी सुधारत बसत नाही, बोलते हेच नशीब.

इथल्या मराठी लोकांत चार काकांचा एक गाण्याचा ग्रुप होता. चौघंही सत्तरच्या दशकात आलेले. एक बस डेपोत मेकॅनिक, एक मोज्यांच्या कारखान्यात, एक पोस्टात आणि एक शाळेत गणित शिकवणारे. मेकॅनिक काकांनी एकदा शनिवारच्या बाजारात एका खोक्यातून एक जुनी रेकॉर्ड उचलली. टेक्सासमधल्या मेक्सिकन घरांतल्या पोरांची होती ती. त्या लोकांना तेहानो म्हणतात, हे मला फार नंतर कळलं. पोरं घरी स्पॅनिश बोलणारी, गाणं मात्र अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पोरांनी नाक्यावर उभं राहून रुजवलेलं, डू-वॉप नावाचं. वाद्यं जवळजवळ नाहीतच. एक जण खालून डुम डुम करतो, दोघं मधून शा-ला-ला धरून ठेवतात, आणि एक जण सगळ्यांच्या वरून, बाईसारख्या पातळ आवाजात गात जातो.

मेकॅनिक काका म्हणाले, "ती पोरं दोन घरांत लटकलेली, आपण पण लटकलेले. त्यांनी स्पॅनिशमध्ये केलं, मग आपल्याला काय धाड भरलीये?" आणि चौघांनी मराठीत डू-वॉप सुरू केलं. चुकलेल्या बसवर गाणं, गावाकडून आलेल्या पत्रावर गाणं, बर्फात रुतलेल्या कोल्हापुरी चपलेवर गाणं. चौघांचे तपकिरी सूट एकाच कापडाचे. गणपती, दिवाळी, कुणाची साठी, जिथे बोलावतील तिथे जायचे. ग्लासगोला एकदा सूत्रसंचालकाने त्यांची भजनी मंडळ अशी ओळख करून दिली, आणि पहिल्या शा-ला-लाला निम्म्या हॉलने डोळे मिटून हात जोडले. काकांनी ते गाणं तसंच, अतिशय भक्तिभावाने संपवलं. हा किस्सा मी त्यांच्या तोंडून निदान दहा वेळा ऐकलाय, आणि दहाही वेळा हसलेय.

वरचा आवाज गणिताच्या काकांचा, म्हणून सगळे त्यांना वरचे काका म्हणायचे. मी त्यांना कधी भेटले नाही. तीन वर्षांपूर्वी ते गेले, काकू मुलाकडे लंडनमधल्या एजवेअरला राहायला गेल्या, आणि ग्रुप बंद पडला. मग एजवेअरच्या मंडळींनी निरोप पाठवला की गणपतीत तुमचं गाणं हवंच. काकू तिथेच राहतात, त्या पहिल्या रांगेत बसतील. तिन्ही काकांनी ठरवलं की काकूंना वरच्या काकांचा आवाज ऐकवायचा. म्हणजे आता तो कोणाच्या तरी गळ्यात घालायला हवा.

वरचा सूर पातळ, म्हणून बाईचा गळा हवा होता, पण त्यासाठी ते माझ्याकडेच का आले, हे मला कळलं नाही. नागपूरच्या गाण्याच्या क्लासात बाई मला शेवटच्या रांगेत बसवून सांगायच्या, तू नुसते ओठ हलव. हे मी मेकॅनिक काकांना मोकळेपणाने सांगितलं. ते खूश झाले.

"म्हणजे तू कोणाकडे शिकली नाहीस? फारच उत्तम. गळा रिकामा आहे."

मला ते कौतुक वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या गळ्याबद्दल बरं बोललं होतं, मी कशाला खोलात शिरू?

आता हा जो प्रकार आम्ही केला, तो फक्त आपलीच माणसं करू जाणोत. त्या तिकडच्या गाण्यात एक जण गेला तर दुसरा येतो आणि आपल्या आवाजात गातो, बात संपली. पण आपल्याकडे शिष्याने गुरूचा गळा घ्यायचा असतो. नुसती चाल नाही, गळा. श्वास कुठे, आवंढा कुठे, शब्दाची शेपूट कुठे सोडली, सगळं. काकांना दुसरी रीत माहीतच नव्हती. वरच्या काकांनी एकट्याने गायलेल्या तालमीच्या कॅसेट्स होत्या. त्या माझ्या हातात पडल्या, सोबत लवंगांची एक डबी. वरचे काका गाताना गालात लवंग धरायचे, त्यामुळे त्यांचा 'स' थोडा ओला यायचा. मीही लवंग धरायची.

दर रविवारी दुपारी दोन वाजता चर्चच्या मागच्या खोलीत तालीम असायची. तिघं अर्धवर्तुळात उभे राहायचे आणि मध्ये एक जागा सोडायचे. तिथे मी. पहिले दोन महिने तिघांपैकी एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही. ते जमिनीकडे बघत गायचे आणि मध्येच थांबून सांगायचे, "इथे तो दम लावायचा." "इथे तो घाईत असायचा, घाई कर." पत्राच्या गाण्यात, दुसऱ्या ओळीच्या आधी, कॅसेटवर नाकातून एक बारीक शीळ ऐकू येते. माझ्या दृष्टीने तो नाक चोंदल्याचा आवाज होता, मी तो सोडून दिला. मेकॅनिक काकांनी हात वर केला.

"ती शिट्टी पण घे."

"काका, ते नाक आहे."

"नाक तर नाक. आपल्याला नुसता सूर नकोय, माणूस पाहिजे."

फेब्रुवारीच्या शेवटी एका रविवारी ती शीळ आपोआप आली. मी केली नाही, ती आली, आणि तिच्यामागून सगळी ओळ घसरत आली. गळ्याला काहीच कष्ट नाहीत. गाणं संपलं तेव्हा तिघंही माझ्याकडे बघत होते. पोस्टातले काका पुढे आले, माझ्या खांद्यावर जोरात थाप मारली, पुरुष पुरुषाला मारतात तशी, आणि मग एकदम हात मागे घेऊन सॉरी म्हणाले. मला इतका आनंद झाला होता की मी घरी जाताना गाडीत तीच ओळ दहा वेळा म्हटली.

त्यानंतरच्या रविवारी मी चपलेच्या गाण्यात एक कडवं जास्तीचं म्हटलं. मला ते जास्तीचं आहे हेच माहीत नव्हतं. मी गात होते, आणि एका ठिकाणी बाकीचे तिघं गप्प झाले. मोज्यांच्या कारखान्यातले काका खुर्चीवर बसले. ते कडवं त्यांनी लिहिलं होतं, दोनदा तालमीत म्हणून बघितलं होतं आणि मग काढून टाकलं होतं, कॅसेट काढायच्या खूप आधी. मी म्हटलं, कुठल्यातरी टेपवर असेल. सगळे म्हणाले, असेल असेल. चहा झाला, बिस्किटं झाली. टेपवर ते नाही. मी सगळ्या टेपा दोनदा ऐकल्या आहेत.

मग नवऱ्याचा फोन आला, तो सुरुवातीला सांगितला. हॉस्पिटलात वॉर्डवरून फोन यायचे आणि शेवटी "थँक यू, सर." पहिल्यांदा मी चिडले, मग सोडून दिलं. आवाज पातळच होता, पण बाईचा नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती आणि मी थांबत नव्हते. जिला ओठ हलवायला सांगितलं होतं, ती आता तीन म्हाताऱ्यांना रडवत होती. हे सोडवत नाही हो. सोडा म्हणणाऱ्याने एकदा अनुभव घेऊन बघावा.

मुलीने मात्र सोडलं नाही. सकाळी मी तिची वेणी घालत होते. रोज वेणी घालताना मी काहीतरी गुणगुणते, तसं चालू होतं. तिने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"आई, तू तुझा voice मध्ये बोल ना."

"हाच माझा व्हॉइस आहे, बाळा."

"नाही. हा त्या uncle चा आहे. It's like he's doing my hair."

मी वेणी अर्धीच सोडली. तिने ती तशीच रबर लावून शाळेत नेली. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलताना माझ्या तोंडाकडे बघू लागली, बहिऱ्या माणसाने बघावं तशी. दुसऱ्या खोलीतून हाक मारली तर ओ देईना. दारात येऊन उभी राहायची, मी दिसले की मग म्हणायची, हां, काय?

मी तिला सांगितलं की गणपतीचा प्रोग्रॅम झाला की संपलं. तिने कॅलेंडरवर त्या दिवसाभोवती गोल केला.

एजवेअरचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता, दुपारी जेवणानंतर. काकू पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. माझी मुलगी त्यांच्या शेजारी, कारण तिथेच जागा होती. मी तपकिरी सूट घातला होता. वरच्या काकांचा नव्हे, तेवढं डोकं आम्हाला होतं. त्याच रंगाचं नवीन कापड आणून शिवलेला. पण कार्यक्रम पडद्यामागून सुरू करायचा असं काकांनी ठरवलेलं. आधी आवाज, मग पडदा वर.

पत्राचं गाणं सुरू झालं. दुसऱ्या ओळीच्या आधी नाकातून शीळ आली आणि पडद्यापलीकडच्या हॉलमध्ये कोणीतरी "अगंबाई" म्हणालं. जुनी माणसं वरच्या काकांना ओळखत होती. पडदा वर गेला, लोकांनी बाई बघितली, आणि टाळ्या वाजायच्या ऐवजी सगळा हॉल नुसता बसून राहिला. मी काकूंकडे बघून गात होते. सगळेच काकूंकडे बघत होते. त्या रडल्या नाहीत. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, मेकॅनिक काका डोळे पुसत आत गेले, आणि काकू तशाच, पर्सवर हात ठेवून.

कपडे बदलायला आम्हाला विज्ञानाचा वर्ग दिला होता. काकू तिथे आल्या. तिन्ही काका हात बांधून उभे राहिले, शाबासकी मिळणार असल्यासारखे. काकू म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबा." मुलगी माझ्याजवळच होती, तिला काही म्हणाल्या नाहीत.

"बोल काहीतरी," त्या मला म्हणाल्या.

"काकू, बसा ना."

त्यांनी ते डोळे मिटून ऐकलं. मग स्टुलावर बसल्या.

"हा ह्यांचा आवाज नाही," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, माझं चुकलं. मी म्हटलं, मी प्रयत्न केला, कॅसेटवरून जेवढं जमलं तेवढं.

"तुझं काही चुकलं नाही. अगदी तंतोतंत घेतलास. पण हा त्यांचा नाहीच. ती रेकॉर्ड आहे ना, टेक्सासच्या पोरांची? आम्ही एका दुकानावरच्या खोलीत राहायचो. हे शाळेतून यायचे आणि त्या रेकॉर्डसमोर बसायचे. वरून गाणारा जो मुलगा होता त्याचा गळा घ्यायचा होता त्यांना. चार महिने. श्वास न् श्वास. ती नाकातली शिट्टी त्याची आहे. त्या दिवशी त्याला सर्दी झाली असणार. कोण कुठला पोरगा, त्याची सर्दी मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं ऐकली."

बाहेर हॉलमध्ये आरती सुरू झाली होती. काकू तिकडे वळल्यासुद्धा नाहीत.

"ह्यांचा आवाज मी लग्नात ऐकला. उखाणा घेतला तेव्हा. जाडाभरडा होता, नाव घेताना मध्येच अडखळले. पहिलं एक वर्ष होता तो घरात. मग एक दिवस मी पोळ्या करत होते, मागून कोणीतरी चहा मागितला, आणि मी लाटणं घेऊन वळले, की परका माणूस आत आला कसा? तर हेच."

"तुम्ही त्यांना सांगितलं नाही?"

"सांगितलं की. म्हणाले, तुला भास होतो. त्याच आवाजात म्हणाले." त्यांनी पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली. "शेवटी हॉस्पिटलात मी रोज कान लावून बसायचे. म्हटलं, आता शुद्ध जातेय, आता तरी स्वतःच्या आवाजात काहीतरी बोलतील. पाणी मागितलं. तेसुद्धा त्या पोराच्या आवाजात."

मी विचारलं, "मग तो परत येत नाही? त्यांचा जो होता तो?"

"मी आणला असता गं. त्यांना सांगितलं असतं, असं नाही, असं बोलायचात तुम्ही. पण पाच-सहा वर्षांत मीच विसरले कसा होता ते. जाडाभरडा होता एवढं शब्दात राहिलं, कानात काही नाही." त्यांनी माझ्या मुलीकडे पाहिलं. "ही तुझीच ना? मघाशी गाणं चालू असताना हिने कान झाकले होते. म्हणजे हिला अजून आठवतोय. घाई कर."

मी त्याच दिवशी ग्रुप सोडला. मेकॅनिक काका पार्किंगमध्ये माझ्यावर ओरडले, "आम्ही त्याला परत आणला आणि तू त्याला घालवतेस?" काकू काय म्हणाल्या हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नको, हे मला आजही ठरवता येत नाही. त्यांनी फोन करणं बंद केलं आहे.

दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या वाटेवर मी आणि मुलगी एकच काम करू लागलो. मी बोलायचं, तिने सांगायचं. मी आवाज जाड करायचे, पातळ करायचे, घाईत बोलायचे, रेंगाळत बोलायचे. "नाही." "नाही." "आता जवळ आला." "गेला." लोक बघायचे. बघू देत. नवऱ्याला विचारून काही उपयोग नव्हता. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की त्याला आता फोनवरचा हाच आवाज सवयीचा झालाय. त्या वाक्याचा राग आला मला, पण भांडायला तोंड उघडलं तर काय बाहेर येईल ते माहीत होतं. मी फोन ठेवला.

ऑक्टोबरच्या मध्यापासून मुलगी "नाही" म्हणायच्या ऐवजी "I don't know" म्हणू लागली. आधी कधीतरी, मग रोज. एका सकाळी ती फाटकाशी थांबून म्हणाली, "आई, मला नीट आठवत नाही. Sorry." आणि पळत आत गेली. मी तिथेच कुंपणाला धरून उभी राहिले. आजपर्यंत मी तेवढी कशालाच घाबरलेली नाही.

त्या दिवशी मी कामावर गेले नाही. जुना फोन शोधून काढला, चार्ज केला. त्यात मुलीच्या दुसऱ्या वाढदिवसाचा एक व्हिडिओ होता. मी शूटिंग करतेय, म्हणून दिसत नाही, पण बोलतेय. "फुंकर मार. मार ना. अगं, केकवर नको थुंकू. बघ, बघ, विझली! शहाणी माझी ती." पुढे मी हसते, आणि संपलं. चाळीसेक सेकंद. माझे बाकी सगळे व्हिडिओ तिच्या बडबडीचे आहेत. एवढा एकच माझा.

पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, ही कोण बाई? मग मी हेडफोन लावले आणि बसले. मला जी एक रीत येत होती तीच मी वापरली. श्वास कुठे घेतला, 'मार'वर जोर किती, 'विझली'ला आवाज कसा फाटला, हसण्याआधी आवंढा कुठे गिळला. रजा टाकून, रोज ती शाळेत गेली की दोन तास. तीन आठवडे लागले.

काल सकाळी ती सीरियल खात होती. मी सिंकपाशी, तिच्याकडे पाठ करून उभी होते. मी म्हटलं, "फुंकर मार. मार ना. अगं, केकवर नको थुंकू. बघ, बघ, विझली! शहाणी माझी ती." आणि हसले.

चमचा वाटीत पडल्याचं ऐकू आलं. ती धावत आली आणि मागून माझ्या कमरेला मिठी मारली. ती रडत होती आणि हसत होती. "हाच! आई, हाच आहे! बोल ना. अजून बोल. आता दुसरा काहीतरी बोल."

मी नळ बंद केला. तिने दोन्ही हात माझ्या पोटावर घट्ट धरले होते. ती वाट बघत होती.

मी म्हटलं, "फुंकर मार. मार ना."